सगळे रिपोर्ट नॉर्मल

१

पुलाचा स्लॅब ओतताना खालचे टेकू सरकले आणि एक कामगार त्याखाली सापडून मेला. ज्या ड्रॉइंगवरून ते टेकू लावले होते, त्यात टेकूंची एक ओळच दाखवायची राहिली होती. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'तपासले' या शब्दाखाली माझ्या भाचीची सही होती.

"मला ते ड्रॉइंग बघितल्याचंच आठवत नाही, आत्या," ती माझ्या बाहेरच्या खोलीत बसून म्हणाली. "सही माझी आहे. हात माझा असणार. पण मी तिथे होते असं वाटत नाही."

तिला घरात सगळे चावी म्हणतात. लहानपणी ती एका जागी बसायची नाही. माझा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा, तो म्हणायचा, हिला कुणीतरी चावी देऊन सोडलंय. त्या मुलीला माझा जिना चढताना मध्ये थांबावं लागलं होतं. डोळ्यांखाली काळं, आणि बोलताना दोन बोटं कपाळावर दाबून धरलेली, जणू सोडली तर काहीतरी सांडेल.

वर्ष होत आलं होतं या प्रकाराला. सकाळी उठल्यापासून डोकं जड, दुपारी टेबलावर डुलकी, संध्याकाळी अंगात त्राण नाही. रक्त झालं, थायरॉइड झालं, डोळे झाले, डोक्याचा स्कॅनही झाला. सगळे रिपोर्ट नॉर्मल. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, लग्नाचा काही विचार आहे का. ऑफिसात तिला 'झोपाळू' म्हणायला लागले. आता कंपनीने तिला घरी बसवलं होतं आणि चौकशी लावली होती.

मी विमा कंपनीत दावे तपासायचे. धडधाकट माणसांचे आजार उघडे पाडण्यात माझी उमर गेली. कमरेला पट्टा लावून आलेला माणूस बाहेर पडल्यावर स्कूटरला कशी लाथ मारतो, हे मी खिडकीतून बघायचे. त्यामुळे सोंग मला कळतं, आणि चावी सोंग करत नव्हती.

"सुरुवात कधी झाली?" मी विचारलं.

"मोठ्या पुलासाठी माझं नाव निघालं ना, त्याच सुमारास. दुसऱ्या शहरात राहायचं होतं, काही वर्षं. मी होकार द्यायचाच बाकी होता."

"मग आता त्या पुलावर कोण गेलं?"

"पट्टी." तिच्या शेजारच्या टेबलावरचा हा माणूस. खिशात कायम स्टीलची पट्टी, म्हणून ते नाव.

"आणि टेकूंचं ड्रॉइंग कुणी काढलं होतं?"

"पट्टीनेच," ती म्हणाली.

२

पट्टी मला ऑफिसच्या कँटीनमध्ये भेटला. निघायच्या तयारीत होता, नव्या गावचं घर बघून झालं होतं. मी चावीची आत्या म्हटल्यावर त्याने खुर्ची पुढे केली, पण स्वतः उभाच राहिला.

"चूक माझी होती, मी नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "पण मी ढिगाने ड्रॉइंग काढतो. चुका होणारच, म्हणून तर तपासणारा माणूस ठेवलेला असतो. चौकशी समितीलाही हे पटलंय."

"तुम्हाला बरंच पटवता येतं."

तो बसला. "बाई, तुम्ही काय विचारायला आलात ते मला कळतंय. रोज मशीनची कॉफी मीच तिला आणून द्यायचो. सगळं ऑफिस बघायचं. आता सगळं ऑफिस तेच बोलतंय, माझ्या पाठीमागे."

"मग मी पुढून विचारते. कॉफीत काय असायचं?"

"साखर. ती पण कमी." त्याने पट्टी खिशातून काढून टेबलावर ठेवली. "एका रविवारी आम्ही काहीजण तिच्या घरी गेलो होतो. तिला बरं नाही म्हणून. दुपार कलून गेली होती आणि ती उठून बसू शकत नव्हती. तिच्या वडिलांनीच आम्हाला चहा दिला. माझी कॉफी शुक्रवारी संपायची, बाई. रविवारी तिच्या घरी जात नव्हती."

हे बरोबर होतं. आणि चौकशी लागल्यापासून चावी ऑफिसात जात नव्हती, तरी ती तशीच होती. माणूस आवडला नाही म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही, ही माझ्या धंद्यातली सगळ्यात कडू गोष्ट.

मी उठले, तेव्हा तोच म्हणाला, "एक सांगू? मध्ये एक आठवडा ती अगदी पूर्वीसारखी होती. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, काहीतरी बिघडलं म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा. रात्रभर तिथे खुर्चीत बसायची, सकाळी तिथूनच ऑफिसला यायची. आम्हाला वाटलं थकून पडेल. तर ही माझ्या तीन चुका काढून मोकळी. आम्ही म्हटलं, जबाबदारी पडली की माणूस आपोआप ताठ होतो."

मी जिना उतरताना तोच विचार करत होते. खुर्चीत रात्र काढून ती ताजी होती. आणि स्वतःच्या पलंगावर झोपून अर्धमेली.

३

दादा माझ्याहून बराच मोठा. वडील गेल्यावर माझी फी त्यानेच भरली, लोकांच्या घड्याळांत डोळे घालून. दुकान बंद करून आता बरीच वर्षं झाली, पण त्याचं काम करायचं टेबल घराच्या खिडकीशी तसंच आहे. त्यावर बारीक पाती, चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग. वहिनी गेल्यापासून स्वयंपाकही तोच करतो. चावीच्या आवडीनिवडी त्याला तिच्याहून जास्त पाठ.

"ये, ये. बघ बाई तूच काहीतरी," तो म्हणाला. "डॉक्टर नुसते पैसे खातात. माझी पोर डोळ्यांदेखत सुकत चाललीय."

तो चहा ठेवायला आत गेला, तशी मी घर बघायला लागले. पहिला संशय गिझरवर. गॅसचा होता, छोट्या न्हाणीघरात. मी ओळखीच्या माणसाला बोलावून तो तपासून घेतला. धूर बाहेर नेणारी नळी साफ, खिडकी उघडी. आणि खरं तर तपासायची गरजच नव्हती. त्याच घरात, त्याच हवेत दादा राहत होता, आणि त्याचं डोकं कधी दुखलं नव्हतं.

"तुझी तब्येत कशी आहे रे?" मी विचारलं.

"मला काय धाड भरलीय? झोपेची तेवढी गोळी लागते, तुझी वहिनी गेल्यापासून. बाकी ठीक." मग त्याने छताकडे बोट केलं. "हा वरचा शेजारी मात्र ताप आहे. पहाटे कामावरून येतो आणि खुर्ची ओढतो. रोज. सांगून दमलो."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची सूनबाई आली. दादाच्या मुलाची बायको, चावीची वहिनी. हातात डबा आणि कॅप्सूलची बाटली. "ताकदीच्या आहेत," ती चावीला म्हणाली. "संपल्या असतील म्हणून आणल्या." मग माझ्याकडे वळून, आवाज जरा खाली घेऊन, "घर हिच्या नावावर केलंय ना मामंजींनी. आमचं काही म्हणणं नाही. पण अशा तब्येतीत एवढं घर एकटीने कसं सांभाळायचं, तुम्हीच सांगा."

जाताना मी त्या बाटलीतल्या थोड्या कॅप्सूल रुमालात बांधून घेतल्या. आणि चावीला म्हटलं, "चार कपडे घे. काही दिवस माझ्याकडे चल."

"कशाला?" दादा चटकन म्हणाला. "तिथे तिला काय मिळणार आहे? तुला धड भातही शिजवता येत नाही."

ते खरं होतं. पण माझा कच्चा भात खाऊन चावी दोन-तीन दिवसांत जिना न थांबता चढायला लागली. आठवडा होता होता एका सकाळी मी उठून बघते तर तिने माझ्या कपाटाचं बिजागर बसवलं होतं आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. सूनबाईच्या कॅप्सूल मी तिला रोज देत होते, मुद्दाम. त्याने काही झालं नाही. प्रयोगशाळेनेही त्यांत साधी जीवनसत्त्वं आहेत म्हणून कळवलं.

मग दादाचा फोन आला, की घर खायला उठतं. चावी दोन दिवसांसाठी घरी गेली.

परत आली ती कपाळावर दोन बोटं दाबूनच.

४

मी तिला तशीच रिक्षात घालून प्रयोगशाळेत नेलं. आजवर सगळ्यांनी शरीरात काय कमी आहे ते शोधलं होतं. मी म्हटलं, काय जास्त आहे ते शोधा.

निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढला. "झोपेच्या गोळ्या कधीपासून घेता?" त्यांनी चावीला विचारलं.

"मी डोकेदुखीच्या गोळीशिवाय काही घेत नाही."

"रिपोर्ट तसं म्हणत नाही. तुमच्या लघवीत झोपेचं औषध आहे. हे औषध रेंगाळतं, दुसऱ्या दिवशीपर्यंत डोकं जड करतं." मग ते माझ्याकडे बघून, जरा समजूतदार आवाजात म्हणाले, "सवय लागलेली माणसं कबूल करत नाहीत हो. घरच्यांनी रागवू नये."

बाहेर आल्यावर चावी फुटपाथच्या कठड्यावर बसली. "आत्या, मी घेत असेन आणि मला आठवत नसेल का? ते ड्रॉइंग नाही का आठवत, तसं?"

त्या वर्षाने तिचं काय केलं होतं ते मला तेव्हा समजलं. तिचा स्वतःवरचाच विश्वास गेला होता.

"तू घेत नाहीस. तुला कुणीतरी देतंय. घरात."

"वहिनी," ती लगेच म्हणाली. "तिच्या डब्यातून देत असेल." दुसरं नाव तिला सुचलंच नाही. खरं सांगायचं तर मलाही सुचलं नव्हतं. सूनबाईला घर हवं होतं आणि ती ते लपवत नव्हती. पण दवाखान्याच्या त्या आठवड्यातही डबा सूनबाईचाच जात होता, हे चावीनेच मला सांगितलं होतं. तो खाऊन ती ठणठणीत होती.

मग मी त्यांच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात गेले. दादाच्या गोळ्या कुणी पळवतंय का, एवढंच मला बघायचं होतं.

"आजोबांच्या ना?" दुकानदार म्हणाला. "स्वतः येतात. अगदी वेळच्या वेळी. एक गोळी इकडची तिकडे होत नाही त्यांची. बाकीचे म्हातारे विसरतात, हे नाही."

मला हायसं वाटलं. दादाच्या गोळ्या दादाच संपवत होता. मी दुकानाच्या दोन पायऱ्या उतरले आणि दुसऱ्या पायरीवर थांबले.

जो माणूस रोज रात्री झोपेची गोळी घेतो, त्याला वरच्या मजल्यावरची खुर्ची पहाटे ओढलेली ऐकू कशी येते? आणि तीही रोज?

दादा रात्रभर जागाच असायचा. त्याच्या गोळ्या वेळेवर संपत होत्या, पण त्या तो घेत नव्हता. आणि ज्या एका आठवड्यात चावीला बरं वाटलं, त्या आठवड्यात दादा दवाखान्याच्या खाटेवर होता.

मी बराच वेळ त्या पायरीवर उभी होते. दुकानदाराने पाणी हवं का म्हणून विचारलं.

५

मी दादाकडे गेले तेव्हा चावी माझ्या घरी झोपलेली होती. दुपारचं ऊन दादाच्या टेबलावर आलं होतं. कुणाचं तरी जुनं मनगटी घड्याळ त्याने उघडून ठेवलं होतं.

"दादा, तुला झोप लागते का?"

"लागते की. गोळी घेतो ना."

"मग वरची खुर्ची तुला कोण ऐकवतं?"

त्याने चिमटा खाली ठेवला. भिंग डोळ्यावरून काढलं नाही. एक डोळा मोठा, एक लहान, तसाच तो माझ्याकडे बघत राहिला. मी समोर बसून गिझरपासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. मला शेवटपर्यंत आशा होती, की तो मला वेड्यात काढेल.

"अर्धीच देत होतो," तो म्हणाला.

"काय अर्धी?"

"अर्धीच गं. पात्याने बरोबर मधोमध कापायचो, मग खलायचो. रात्रीच्या दुधात. तिला काही अपाय होऊ नये म्हणून तर अर्धी. मी काय तिचा वैरी आहे?"

"का, दादा?"

"ती जाणार होती." तो इतक्या सरळपणे बोलला, की कुणालाही पटावं. "मी जा म्हटलं होतं. सगळ्यांना सांगत सुटलो होतो, माझी मुलगी पूल बांधणार म्हणून. पण घरी आलो आणि बसलो इथे. तुला माहीत नाही, या घरात एकट्याने बसलं की कसं होतं ते. मला वाटलं, जरा थकलेली राहिली तर घरी राहील. एकदा ती संधी टळली की बंद करणार होतो."

"संधी टळली. एक माणूस मेला. तू बंद केलं नाहीस."

"आता ती घरीच असायची," तो हळूच म्हणाला. "माझ्याजवळ बसायची. इतकं बोलायची."

मी जायला उठले. दारापर्यंत गेले आणि मला एक प्रश्न आठवला. तो विचारला नसता तर बरं झालं असतं.

"ज्या दिवशी तिने ते ड्रॉइंग तपासलं, त्या दिवशी काय झालं होतं?"

तो खिडकीकडे वळला. "आदल्या रात्री तिने दूध घेतलं नव्हतं. आणि त्या दिवशी ती ऑफिसात लेखी होकार देणार होती." मग पाठ माझ्याकडेच ठेवून तो म्हणाला, "सकाळच्या चहात दिली. तेवढी एकदाच अख्खी दिली."

ज्याने माझी फी भरली, ज्याने मला हाताला धरून कॉलेजच्या दारापर्यंत सोडलं, त्याला मी म्हटलं, "संध्याकाळी ती येईल. तू स्वतः सांग. नाहीतर मी सांगेन."

६

त्याने सांगितलं. त्याच्या पद्धतीने सांगितलं असणार, सगळं प्रेमात गुंडाळून. चावीने मला त्यातला एक शब्दही कधी सांगितला नाही. एवढंच सांगितलं, की जेवण झालं होतं, तिने स्वतःचं ताट घासलं, त्याचं घासलं, आणि ती निघाली.

पोलिसांकडे ती स्वतः गेली. तिथल्या अधिकाऱ्याने लिहून घेतलं, दादाला बोलावलं, बसायला खुर्ची दिली. खटला उभा राहील, असं म्हणतात. वय बघता फारसं काही होणार नाही, असंही म्हणतात. चौकशी समितीने प्रयोगशाळेचा रिपोर्ट फायलीला लावला आणि अध्यक्ष म्हणाले, "औषध कुणी दिलं हा तुमचा घरगुती प्रश्न आहे. सही तुमची आहे." तिची नोकरी गेली. पट्टी पुलावर आहे.

दादाच्या जेवणाचा डबा आता सूनबाई वर नेऊन देते. मला जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "माझ्या कॅप्सूल तपासायला पाठवल्या होत्यात ना तुम्ही?" मी हो म्हटलं. "आणि त्यांचं दूध?" ती म्हणाली. मी बाजूला झाले, ती डबा घेऊन वर गेली.

मेलेल्या कामगाराच्या बायकोकडे जायचं चावीच्या मनाने घेतलं. मी नको म्हणत होते. शेवटी तिच्याबरोबर गेले.

एका लांब चाळवजा इमारतीत एकच खोली होती. बाई कारखान्यातून आणलेल्या शर्टांना बटणं लावत बसली होती. बाजूला बटणांची वाटी, लावून झालेल्या शर्टांचा ढीग. तिने आम्हाला बसायला सतरंजी टाकली आणि पुन्हा कामाला लागली. चावीने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, रडली नाही. झोप, ड्रॉइंग, गोळी, वडील.

बाई ऐकत होती. सुई थांबत नव्हती.

"मला वाटलं तुम्ही माफी मागायला आलात," ती म्हणाली.

"तेच मागायला आलेय."

"नाही. तुम्ही सुटायला आलात." आवाजात राग नव्हता, थकवाही नव्हता. "इतके दिवस मला बरं होतं. एका बाईची चूक झाली, एवढं मला ठाऊक होतं. रात्री तुम्हाला शिव्या द्यायचे, मग पडायचे. आता कुणाला देऊ? म्हाताऱ्या माणसाला?"

चावीने मान खाली घातली. मी आयुष्यभर खरं काय ते शोधून लोकांच्या पुढ्यात ठेवलं. ते पुढ्यात आल्यावर त्यांनी काय करायचं, हे बघायला मी कधी थांबले नव्हते.

शर्ट पुरा झाला. तिने तो उलटसुलट करून बघितला.

"त्यांना एकट्याने राहायची भीती वाटत होती, म्हणालात?"

"हो," चावी म्हणाली.

"मला पण वाटते," ती म्हणाली, आणि दोरा दाताने तोडून तिने पुढचा शर्ट ओढला.